यादीतलं एकशे सातवं गाव

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. यादीच्या एकशे सातव्या ओळीत लुंबिनीच्या गावापुढं 'इंटरनेट जोडणी पूर्ण' असं लिहून सही केलीत, शिक्का मारलात आणि जेवायला गेलात. इस्लापूरपासून नऊ किलोमीटर आत असलेल्या त्या गावात साधा फोन लावायचा तर माणूस टेकडी चढतो. तुमची वायर वेशीबाहेरच्या खांबावर वेटोळं करून टांगलीय. तिच्यावर चिमण्या झोके घेतात.

लुंबिनीचं काय अडलंय तेही ऐका. ती नांदेडला खोली घेऊन राहते आणि वेबसाइट बनवून पोट भरते. गावात इंटरनेट आलं तर उद्याच्या उद्या खोली सोडून घरी जाईल. घरी तिचे बाबा, ग्यानोबा, एकटेच चूल फुंकतात. पण कागदावर 'पूर्ण' झालेल्या गावाला नवी जोडणी मिळत नाही. तिनं तक्रार केली. तुमच्या कार्यालयानं कळवलं, पुरावा आणा.

आता नांदेडात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी अजीजमियांच्या छापखान्याच्या माडीवर कॉम्प्युटरवाल्यांची बैठक भरते. खाली लग्नपत्रिका छापतात, वर ही मंडळी भजी खात खात आपापली वेबपानं हातानं लिहितात. नियम एकच, पानाच्या तळाशी पुढच्या माणसाच्या पानाची लिंक द्यायची. अकरा पानं, भिंतीला भिंत लागून. म्हणून त्याला ते 'गल्ली' म्हणतात आणि पानाला 'घर'. अजीजमियांचा मुलगा अमान, त्याच्या घरात स्टेशन रोडवरच्या प्रत्येक चहाला मार्क दिलेले आहेत. लातूरच्या एका कॉलेजात नेटवर्क सांभाळणारा मन्मथ मूळचा जळकोटचा. त्यानं तिथल्या म्हशींची नावं आणि स्वभाव लिहून ठेवलेत, आणि लोक ते आवडीनं वाचतात.

लुंबिनीनं या गल्लीत बारावं घर बांधलं, आणि तेही मुद्दाम बंद. तुमच्या ठेकेदारानं ग्रामपंचायतीच्या कपाटात जी लोखंडी पेटी ठेवलीय, तिच्यावर इंटरनेटचा पत्ता छापलाय. त्याचीच तिनं लिंक दिली. गल्लीत फिरणारा जो तो तिथं येऊन ठेचकाळायचा, 'हे पान उघडत नाही'. तीन महिने शेकडो लोक ठेचकाळले. लुंबिनी खूश होती, कारण याहून चोख पुरावा कोणता?

जानेवारीच्या बैठकीत ते पान उघडलं.

पांढरं पान, काळी अक्षरं, वर गावाचं नाव. खाली त्या दिवशीची तारीख. 'आज लाईट दोनदा गेली. सरपंच पार्वतीबाईंची कुत्री चिंचेखाली व्याली. पाच पिल्लं, एक पांढरं.'

माडी हसून हसून हलली. जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवू लागला. अमाननं अम्मीची शपथ घेतली, तेव्हा तर सगळ्यांचा त्याच्यावरचा संशय पक्का झाला. मन्मथ मात्र एका हातात भजं धरून पान कुठून येतंय त्याचा माग काढत बसला होता. नांदेड, किनवट, इस्लापूर. इस्लापूरच्या पुढं एकही यंत्र नव्हतं, आणि उत्तर इस्लापूरच्या पुढूनच येत होतं.

"हे आपल्यातलं कुणी करून राहिलं न्हाई," तो म्हणाला. भजं तसंच हातात राहिलं.

संध्याकाळी ग्यानोबांनी टेकडीवरून फोन केला. लुंबिनीनं सहज कुत्रीचं विचारलं. पाच हायेत, ते म्हणाले, त्यातलं एक पांढरं. पण तुला कुणी सांगितलं?

दुसऱ्या दिवशी लुंबिनी, अमान आणि मन्मथ असे तिघं छापखान्याच्या टेम्पोतून गावात गेले. ग्यानोबांनी भाकरी-ठेचा वाढला. दुसऱ्याच घासाला अमाननं तांब्या तोंडाला लावला.

"शहरातली जीभ हाय रे पोरा तुझी," ग्यानोबा म्हणाले आणि त्याच्या ताटात आणखी ठेचा वाढला.

जेवण झाल्यावर पार्वतीबाईंनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडून दिलं. पेटी होती. तिला एकही वायर नव्हती. ग्रामपंचायतीची लाईट तर दिवाळीपासून तोडलेली. मन्मथनं पेटी मांडीवर घेतली आणि चार स्क्रू काढले.

आत वीट होती. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली.

अमान पोट धरून हसला. "ताई, काम झालं तुझं. घे फोटो."

फोटो घेऊन सगळे टेकडीवर आले. गंमत म्हणून अमाननं ते पान उघडलं.

'आज तिघं आले. भाकरी खाल्ली. मन्मथनं वीट हातात घेतली.'

मन्मथनं हात पँटला पुसले. मग पुन्हा पुसले.

त्या दिवसानंतर लुंबिनीनं ते पान उघडलं नाही. सुनावणीला तिनं फोटो आणि वीट तुमच्या टेबलावर ठेवली. विटेकडं तुम्ही पाहिलंही नाहीत. खिशातला मोबाईल काढलात, पान उघडलंत आणि तिच्यापुढं धरलंत.

"चालू आहे की हो, बाई."

वीस फेब्रुवारीला निकाल पोस्टानं आला. तक्रार निकाली. खाली तुमच्या सहीनं लिहिलं होतं, 'दिनांक बारा रोजी मी स्वतः जागेवर जाऊन पाहणी केली आहे.'

बारा तारखेला ग्यानोबा दिवसभर वेशीवर हरभरा राखत बसले होते. जीप आली नाही. कुणीच आलं नाही.

लुंबिनीनं पान उघडलं.

'बारा. आज साहेब आले. कपाट उघडलं. आत बसले.'

'तेरा. साहेब अजून आतच आहेत.'

'चौदा. साहेबांनी पाणी मागितलं.'

तिनं हे बाबांना सांगितलं. तेव्हापासून पार्वतीबाई रोज सकाळी किल्ली देतात आणि ग्यानोबा भरलेला तांब्या कपाटात ठेवून कुलूप लावतात. "खोटा का असंना, पाव्हणा हाय," ते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तांब्या रिकामा असतो.

साहेब, तुम्ही त्या गावात गेलात हे तुमच्याच सहीचं लिहिणं आहे. परत आलात, असं कुठंच लिहिलेलं नाही. मग रोज सकाळी अकराला तुमच्या खुर्चीत येऊन बसतो तो कोण आहे? लेखी उत्तर द्या.