दुसऱ्या प्रेक्षकाने समोर पाहावे

"अग्नी आणि चाक यांच्यानंतर मानवजातीने लावलेला तिसरा आणि अखेरचा शोध म्हणजे हा पडदा! यापुढे माणसाला निराश होण्याचं कारण उरलेलं नाही!"

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या दुकानात ही घोषणा आकाशवाणीसारखी छतातून घुमत होती. निनादराव दातारांनी ती हात मागे बांधून शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "बरं. पण भिंतीशेजारी आमचं फडताळ आहे. त्याचं दार उघडेल ना?"

आकाशवाणीने घोषणा पहिल्यापासून पुन्हा सुरू केली.

साल दोन हजार बहात्तर. निनाद, मृण्मयी, कौस्तुभ अशी नावं कानावर पडली की लोक आदराने खुर्ची पुढे करत. तरुणांमध्ये भागीरथी आणि पांडुरंग यांची चलती होती. दातारांच्या घरातला जुना मॉनिटर परवा मधोमध हिरवी रेघ सोडून निवर्तला होता. निनादरावांना नवा हवा होता तो बैलगाड्यांच्या शर्यतीच्या खेळासाठी. बैल पळताना त्यांच्या शेपट्या पुसट होऊन त्यांचा धूर दिसता कामा नये, एवढीच त्यांची अट. त्यांच्या पत्नी मृण्मयीबाईंना तो सिनेमासाठी हवा होता. रात्रीच्या प्रसंगात काळा म्हणजे काळाच दिसला पाहिजे, दहा पावसाळे पाहिलेल्या छत्रीसारखा नको, ही त्यांची अट. या दोन अटींवर घरी दोन दिवस रणधुमाळी झाली होती. दुकानात आल्यावर कळलं की ती फुकट गेली. बाजारात आता एकच जात उरली होती: रुचिपट.

रुचिपट म्हणजे काय, ते सांगायला हवं. जुना पडदा दाखवायचा आणि माणूस बघायचा. रुचिपट उलट माणसाला बघतो. मनाजोगतं काही दिसलं की डोळ्यातली बाहुली किंचित रुंदावते. कंटाळा आला की नजर क्षणभर घसरते. आपल्याला कळायच्या आत हे घडून गेलेलं असतं. रुचिपट ते टिपतो आणि पुढचं दृश्य त्याप्रमाणे जागच्या जागी तयार करतो. आपल्याला काय आवडणार, हे त्याला आपल्याआधी कळतं. सासूबाईंना कळायचं तसंच, फक्त टोमण्याशिवाय.

"आठवडाभर घरी वापरून बघा," विक्रेता म्हणाला. "परत आणलेला एकही माणूस मी अजून पाहिला नाही."

पहिल्या संध्याकाळी निनादराव जळगावच्या कौस्तुभशी शर्यत खेळले आणि जिंकले. लगेच फोन लावला.

"काय कौस्तुभशेठ, धूळ कशी लागली चवीला?"

"मला विचारतोस? माझे बैल निशाणापाशी पोचून वैरण खात होते रे, तेव्हा तुझे उगवले!"

दोघांनीही मनात म्हटलं, लबाड कुठला. त्यांची मैत्री शाळेपासून याच समजावर उभी होती, त्यामुळे शंका कुणालाच आली नाही.

शंका आली ती रविवारी.

दातारांच्या घरी सिनेमा संपला की भांडायची रीत होती. चहा व्हायचा आणि मग शेवट बरोबर की चूक यावर जुंपायची. शेजाऱ्यांना ही करमणूक वाटे. भांडणाचं मूळ फक्त त्या दोघांना ठाऊक होतं. त्यांची मुलगी सानिका नॉर्वेला गेली आणि तिथलीच झाली. निनादरावांनी तिला जायला सांगितलं होतं, मृण्मयीबाईंनी नको म्हटलं होतं. त्या विषयावर दोघं पुन्हा सरळ कधी बोलले नाहीत. जे बोलायचं ते पडद्यावरच्या मुलींच्या निमित्ताने. रविवारचं ते भांडण गेलं असतं तर त्या घरात वाणसामानाखेरीज बोलणं उरलं नसतं.

त्या रविवारचा सिनेमा खाणावळ चालवणाऱ्या बाईचा होता. तिच्या मुलीला चंद्रावरच्या वसाहतीत नोकरी लागते. जावं की राहावं? सिनेमा संपला. चहा झाला.

"शेवट मात्र योग्य केला," निनादराव म्हणाले.

"अगदी योग्य," मृण्मयीबाई म्हणाल्या.

कपातला चहा निवत चालला. लग्न झाल्यापासून असं घडलं नव्हतं.

"तुला बरं नाहीये का?" त्यांनी विचारलं.

"मला? मला वाटलं, तुलाच काहीतरी झालंय."

"नाही, पण... ती यानात बसते आणि खिडकीतून आईला हात करते, ते तुला पटलं?"

"यानात कोण बसतं?" मृण्मयीबाईंनी कप खाली ठेवला. "ती परत फिरते, पदर खोचते आणि आईच्या हातातलं लाटणं घेते. मला रडू आलं!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून पडद्याकडे पाहिलं. तो प्रसन्नपणे उजळला.

त्यांनी तक्रार केली. कंपनीकडे आजवर तक्रारच न आल्यामुळे तक्रारीचं खातं नव्हतं. म्हणून जिने हे तंत्र शोधलं ती डॉ. भागीरथी लोखंडे स्वतःच पाहायला आली. तिशीतली हसतमुख बाई. तिने पडदा तपासला आणि म्हणाली, "काका, हा तर उत्तम चाललाय."

"आम्हा दोघांना दोन सिनेमे दाखवतोय तो!"

"हो ना. तिरपं केलं की चित्र बदलणारी पट्टी लहानपणी पाहिलीत ना? तसंच आहे हे. पडद्यावर लाखो बारीक भिंगं आहेत. प्रत्येकाच्या डोळ्यांत त्याचंच चित्र जातं, आणि आवाजही ज्याचा त्याच्या कानापर्यंतच पोचतो. एका सोफ्यावर सहा जण बसले तर सहा सिनेमे."

"आम्हाला दोघांत एकच हवाय," मृण्मयीबाई म्हणाल्या.

"तीही सोय आहे, काकू. 'मध्यम' म्हणून. दोघांच्या आवडीची सरासरी काढतो तो."

"जाणं आणि न जाणं, यांची सरासरी काय येते?"

डॉक्टरीणबाईंनी कळ दाबून पाहिलं. "मुलगी जाते, पण दर शनिवारी येते."

"चंद्रावरून?"

"डबा घेऊन," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली.

"मग मूळ शेवट लावा," निनादराव म्हणाले. "दिग्दर्शकाने केलेला."

"मूळ असं काही नसतं, काका. दिग्दर्शक फक्त बीज देतो. शेवट बघणाऱ्याच्या डोळ्यांत उगवतो. हा पडदा आला तेव्हापासून सगळे नवे सिनेमे असेच आहेत. कुणाचं काही बिघडलं? उलट घराघरांतली भांडणं मिटली. आमचंच बघा. लग्नाआधी आम्ही दोघांनी असाच पहिला सिनेमा पाहिला, आणि शेवट दोघांना इतका आवडला, की बसल्या बाकावरच लग्न ठरवलं."

"कुठला शेवट?" मृण्मयीबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंचं हसू तसंच राहिलं, पण त्यातून कुणीतरी उठून गेल्यासारखं झालं.

"त्याला विचारलं नाहीस कधी?" मृण्मयीबाई आता अगंतुगंवर आल्या.

"विचारायची गरजच पडली नाही, काकू. एकमत होतं ना आमचं."

निनादरावांना त्या पोरीची दया आली आणि पडद्याचा संताप आला. ते उठले, आपली आरामखुर्ची सोफ्याशेजारी ओढली, गर्रकन फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसले.

"मृणू, तू बघ आणि मला सांग. पुढच्या रविवारी मी बघेन."

"पण काका, त्यांना दिसेल तो शेवट फक्त त्यांच्याच आवडीचा असेल!"

"असू दे," मृण्मयीबाई सोफ्यावर मांडी ठोकून बसल्या. "मी सांगताना याचं तोंड कसं वाकडं होतं, ते तर मला दिसेल. तेवढं तुझ्या पडद्याला नाही जमायचं."

त्याच सिनेमाचा शेवट पुन्हा सुरू झाला. लगेच गोड आवाज आला, "दुसऱ्या प्रेक्षकाने कृपया समोर पाहावे."

"नाही बघत जा!" निनादराव मागच्या भिंतीकडे तोंड करून ओरडले.

"दुसऱ्या प्रेक्षकाची आवड नोंदवता येत नाही."

"माझी आवड माझ्या बायकोला विचार! तिला ती नेमकी ठाऊक आहे, म्हणून तर ती त्याच्या उलट वागते!"

"आता ती लाटणं घेतेय," मृण्मयीबाई म्हणाल्या.

"ठेवायला सांग तिला ते! यान सुटेल!"

"सुटू दे. आईचं काय?"

"आईने पोरीच्या पायात साखळी घालायची असते का?"

"आणि बापाने तिला दाराबाहेर ढकलायचं असतं?"

हे शेवटचं वाक्य सिनेमातल्या मुलीबद्दल नव्हतं, हे दोघांनाही कळलं. निनादरावांनी बाजूला हात केला, तो मृण्मयीबाईंनी झटकला आणि मग धरला. आवाज विनवत राहिला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

डॉक्टरीणबाई कधी उठली ते कळलंच नाही. निनादराव दारापर्यंत गेले तेव्हा ती जिन्यात उभी होती, पायात एकच चप्पल आणि कानाला फोन.

"ऐक ना," ती म्हणत होती. "आपला तो पहिला सिनेमा... त्यात शेवटी..."

"शेवटी काय?" पलीकडून नवऱ्याने उत्साहाने विचारलं. तिने वाकून दुसरी चप्पल पायात चढवली.

"काही नाही रे," ती म्हणाली. "येताना कोथिंबिरीची एक जुडी आण."