तुरीत शेंगदाणा आला कुठून?

आत्याच्या वाटीत साधं वरण होतं. त्यात ना शेंगदाण्याचं कूट होतं, ना वरून दाण्याची चटणी घेतलेली. तरीही शाल्मलीने त्यात चाखणी बुडवली, तेव्हा तिचा दिवा लाल झाला.

शाल्मलीला शेंगदाण्याची तीव्र ऍलर्जी होती (ऍलर्जी म्हणजे इतरांना न बाधणाऱ्या पदार्थाला शरीराने शत्रू समजणं). एक दाणा पोटात गेला तरी तिचा घसा सुजे आणि श्वास कोंडे. म्हणून अन्न तपासणारी पेनाएवढी चाखणी तिच्या खिशात कायम असे. तिच्यात शाल्मलीच्याच रक्तातली प्रतिपिंडं बसवलेली होती (शत्रू ओळखून त्याला चिकटणारी, शरीराने बनवलेली प्रथिनं). ती कशाला चिकटली की दिवा लाल होई, नाहीतर हिरवा.

सुट्टीत ती प्राजक्ता आत्याकडे आली होती. आत्या, म्हणजे डॉ. प्राजक्ता सोनकांबळे, लातूरपासून तासाभरावरच्या एका कडधान्य संशोधन केंद्राची प्रमुख होती. कमी पावसात तगणारी तूर तिने अनेक वर्षं खपून तयार केली होती. बियाणं लोकांना द्यायची परवानगी अजून यायची होती. आत्याच्या वाटीतलं वरण त्याच तुरीचं होतं. प्रयोगातलं अन्न मुलांना देत नसत, त्यामुळे शाल्मली ते वरण खाणार नव्हतीच. चाखणी तिने निव्वळ सवयीने बुडवली होती.

"रांध्या, फोडणीला तेल कोणतं?" आत्याने विचारलं.

"करडईचं," स्वयंपाकी यंत्रमानव म्हणाला.

"भांडं?"

"नवीन. आज सकाळी काढलं."

रांध्याने दुसऱ्या कोऱ्या भांड्यात नुसती डाळ आणि पाणी उकळलं. दिवा लाल. मग त्याने बाजारातली नेहमीची तूरडाळ तशीच शिजवली. दिवा हिरवा.

"म्हणजे तेल नाही, भांडंही नाही," शाल्मली म्हणाली. "डाळीतच काहीतरी आहे."

आत्याने चमचा खाली ठेवला. तिने विचारलं, "जनुक म्हणजे काय, माहीत आहे?"

"आईबाबांकडून येतं ते. माझं नाक बाबांसारखं आहे, तसं."

"हो. पण जनुक करतं काय? ते पेशीला एक सूचना देतं, अमुक प्रथिन असं बनव म्हणून. भुईमुगाच्या एका जातीत एक प्रथिन असतं. पाऊस ओढ देतो तेव्हा त्याच्यामुळे झाड तग धरतं. ते बनवण्याची सूचना मी तुरीच्या पेशीत घातली. याला जनुकबदल म्हणतात."

"म्हणजे तुरीत शेंगदाणा नाही, पण शेंगदाण्याचं प्रथिन आहे?"

"आहे. आणि तुझं शरीर त्यालाच शत्रू समजतं."

"तुम्ही तपासलं नव्हतं?"

"तपासलं होतं. ऍलर्जी आणणारी जी प्रथिनं जगाला माहीत आहेत, त्यांच्याशी संगणकाने ताडून पाहिलं. हे त्यांत नव्हतं. ज्यांना ऍलर्जी आहे अशा माणसांच्या रक्तावर चाचणी आम्ही घेतली नाही. ती घ्यायला हवी होती."

मग ती चाचणी झाली. शेंगदाण्याची ऍलर्जी असलेल्या अनेकांनी रक्ताचे नमुने दिले. सगळ्यांच्या नाही, पण बऱ्याच जणांच्या रक्तातली प्रतिपिंडं नव्या तुरीला चिकटली.

त्यानंतर केंद्रात बैठक झाली. परिसरातल्या शेतकऱ्यांच्या बियाणे मंडळाचे अध्यक्ष हणमंतराव बिराजदार समोरच बसले होते. या तुरीची वाट त्यांनीच सर्वांत जास्त पाहिली होती.

"मॅडम, गेल्या साली आमच्याकडं तूर फुलावर आली अन् वाळून गेली," ते म्हणाले. "तुमची तूर मात्र हिरवीगार होती. थोड्या लोकांना चालत नाही म्हणून साऱ्यांनी उपाशी राहायचं का? पाकिटावर छापा की, शेंगदाणा न चालणाऱ्यांनी खाऊ नये म्हणून."

आत्या बोलायच्या आत शाल्मली उभी राहिली. तिचे कान तापले होते.

"काका, पंगतीत वरण वाढतात, तेव्हा पाकीट कुठं असतं?"

बिराजदारांनी मान डोलावली. "खरं आहे, बाळ," ते हळूच म्हणाले. मग एकदम चिडून आत्याकडे वळले. "मग हा जनुकबदलच नको! निसर्गानं दिलंय ते काय वाईट आहे?"

"शेंगदाणाही निसर्गानेच दिलाय," आत्या म्हणाली. "तो हिच्या जिवावर उठतो. हणमंतराव, जनुकबदल ही एक पद्धत आहे. तिने केलेलं एक पीक चांगलं निघालं म्हणून दुसरं आपोआप चांगलं ठरत नाही. आणि एक वाईट निघालं म्हणून सगळी वाईट ठरत नाहीत. कोणतं जनुक, कोणत्या पिकात, त्याने काय बदललं, हे दर वेळी नव्याने तपासायचं. ही तूर मी थांबवते आहे."

दुसऱ्या दिवशी जाळीच्या आतलं शेत उपटलं गेलं. मधमाशांनी परागकण शेजारच्या तुरीवर नेऊ नयेत म्हणून ती जाळी होती. झाडं शेंगांनी लगडलेली होती. ती भट्टीत जाताना शाल्मलीला रडू आलं.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे कळलं," आत्या म्हणाली. तिचेही डोळे ओले होते.

आत्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी जनुक होतं डोंगरउतारावर कमी पाण्यात वाढणाऱ्या रानतुरीचं. रोप तयार करण्याआधीच तिने नुसतं प्रथिन बनवलं आणि ऍलर्जी असलेल्या माणसांच्या रक्तावर तपासलं. शाल्मलीनेही रक्त दिलं. कोणाचीही प्रतिपिंडं चिकटली नाहीत. उंदरांवरच्या, मातीवरच्या, मधमाशांवरच्या चाचण्या अजून बाकी होत्या. त्यांना काही वर्षं लागणार होती.

पहिली रोपं गुडघ्याएवढी झाली, तेव्हा बिराजदार बघायला आले. शाल्मली पुन्हा सुट्टीला आली होती आणि जाळीपाशीच उभी होती. ते उकिडवे बसून रोपं निरखू लागले. आता ते एकरी उतारा किती पडेल ते विचारणार, असं तिला वाटलं.

"कुणाचं जनुक घातलंय हे?" त्यांनी विचारलं. "आणि काय काय तपासायचं राहिलंय?"

शाल्मली त्यांच्या शेजारी बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.