इथं हीटर कोणाले लागते

आमची पहिली भेट झाली तेव्हा तो माझ्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता, आणि त्याचं तोंड दिसायच्या आधीच मी त्याच्यावर ओरडले होते.

डिसेंबरची सकाळ होती. मागच्या सीटवर दोन खोक्यांत कालच अंड्यातून बाहेर आलेली कोंबडीची पिल्लं. आर्णीत मी उबवणीचं यंत्र टाकलं, त्यातली ही पहिलीच खेप. झरी जामणीच्या एका पोडावर, म्हणजे छोट्या आदिवासी वस्तीवर, मानीबाई आणि तिच्या गटातल्या बाया वाट पाहत होत्या. गेल्या वर्षी कुणीतरी त्यांना पिल्लं नेऊन दिली, ती खोक्यातून मेलेलीच निघाली होती. "तुये तं जिते येतीन ना, मैत्रेयी?" तिनं फोनवर विचारलं, आणि मी तोऱ्यात हो म्हटलं.

बाबांच्या जुन्या गाडीला हीटर आहे, हा माझा भरवसा. पण इंजिनाचं गरम पाणी हीटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह जाम झाला होता, हे वाटेत कळलं. आत नुसता गार वारा. घाटंजीत पहिलं उघडं शटर दिसलं तिथे थांबले. "भाऊ, हीटरचा व्हॉल्व्ह बिघडला, लवकर करून द्या," एवढं आतल्या पाठमोऱ्या माणसाला सांगून समोरच्या टपरीवर बाटल्यांत गरम पाणी भरायला पळाले. परत येते तर व्हॉल्व्ह जमिनीवर पडलेला, आणि दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटर कायमचा बंद.

"झालं, मॅडम. आता गरम हवा येणार नाई."

"गरम हवाच तं पाह्यजे होती मले! काय करून ठेवलं हे?"

तो वळला. नाकाला ग्रीस, चेहऱ्यावर निखळ आश्चर्य. "चालू करून पाह्यजे होता? मॅडम, आपल्या इकडं हीटर कोणाले लागते? सगळे बंदच करून मागतेत..."

मी त्याची बाही धरून त्याला मागच्या दारापाशी ओढलं आणि खोक्यावरचं कापड उचललं. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती. रस्ताभर चाललेली चिवचिव आता थांबत आली होती.

"गप्प काहून झाले हे?"

"थंडीनं. ऊब भेटली का पसरून बसतात."

अंगातला स्वेटर काढून त्यानं खोक्याभोवती गुंडाळला आणि पुन्हा तापलेल्या इंजिनात हात घातले.

"नवा वाल यवतमाळवरून मागवा लागते. आता वालाशिवायच पाइप जोडतो, पाणी थेट हीटरले जाईन. पण मंग हीटर बंद होणार नाई... उन्हाळ्यात उकडून निघान तुमी."

"आजचा दिवस तं निघू द्या, भाऊ."

पाइप सुटला आणि उकळतं पाणी त्याच्या मनगटावर आलं. मी पटकन हात धरून त्यावर गार पाणी ओतू लागले.

"जरा थांबा ना."

"पिल्लं थांबतीन का?" त्यानं हात सोडवून घेतला... जरा हळूच.

खोके पुढच्या सीटवर घेऊन मी गाडी सुरू केली. हवा गारच.

"लाइनीत हवा अडकली. तुमी रेस द्या." तो बॉनेटखाली पाइप दाबत होता. "आली?"

"नाई."

"आता?"

"नाई..." एका पिल्लानं मान टाकली होती. त्याला तळहातावर घेऊन मी हवेच्या जाळीसमोर धरलं. डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला.

मग बोटांना वारा थोडा कमी गार लागला. मग कोमट. मग चक्क गरम.

"आली!" मी ओरडले. तो धावत आला. खोक्यावर आमची दोन डोकी एकत्र वाकली. ढिगातून एक पिल्लू खाली उतरलं, मागून दुसरं. माझ्या हातातल्यानं अंगठ्याला चोच मारली, तसा तो हसला. त्या हसण्यावर मी भाळले, खोटं कशाला बोलू?

"मी संघदीप. नंबर द्या, वाल आला का फोन करतो. आणि थे 'भाऊ' तेवढं..."

"तेवढं काय?"

"काई नाई. पाणी पाहत जा गाडीचं."

मानीबाईनं एकेक पिल्लू ओंजळीत घेऊन उतरवलं. सगळी जिवंत होती.

फोन मात्र आला नाही. होळी झाली, एप्रिल लागला. बाहेर यवतमाळचं ऊन आणि आत हीटर. ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन मी गाडी हाकत होते. बाबा म्हणाले, "आर्णीत मिस्त्री नाई का? पाइप जोडून टाक, झालं." मी म्हटलं, "ज्यानं केलं त्यालेच दाखवीन." बाबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

शेवटी एका दुपारी घाटंजीला गेले. लालबुंद, घामाघूम. संघदीप पाहतच राहिला.

"आतापर्यंत... असंच चालवलं?"

"तुमचा फोन येणार होता."

तो आत गेला आणि एक छोटा डबा घेऊन आला. डब्यावर धूळ होती. आत नवा व्हॉल्व्ह.

"कधी आला?"

"जानेवारीत."

"मंग फोन काहून नाई केला?"

तो डब्यावरची धूळ पुसत राहिला. "बसवून देला असता तं... मंग तुमी परत घाटंजीले कायले आल्या असत्या?"

"आन् मी दुसऱ्या कोणाकडून बंद करून घेतला असता तं?"

"थेच भेव होतं. रोज."

रागवायचं ठरवून आले होते, ते राहूनच गेलं.

"बसवा आता," मी म्हटलं. "पोडावर दुसरी खेप न्यायची आहे. खोके धरायले माणूस पाह्यजे... संघदीप."

'भाऊ' गळाल्याचं त्याच्या लगेच लक्षात आलं. कान लाल झाले.

"येतो," तो म्हणाला. कधी, कुठे, काहीच विचारलं नाही.