मेरिनूकला राहिलेली ताटली

गावे निवडण्याचा आमचा नियम जुना होता. हमरस्त्यावरचे गाव घ्यायचे नाही. गावात गव्हाची कोठारे, एखादी बेकरी आणि सार्वजनिक सभागृह असलेच पाहिजे. आणि एकदा पाहिलेले गाव पुन्हा घ्यायचे नाही. निवड लोर्नाची, वाद माझा, अशी विभागणी लग्नापासून चालत आलेली. मी आयुष्यभर सरकारी मोजणी खात्यात जमिनी मोजल्या. नकाशावर बोट ठेवणाऱ्याला ते तिथेच का ठेवले हे सांगता आले पाहिजे, असे माझे मत होते, आणि ते मी दर वेळी बोलून दाखवीत असे.

त्या एप्रिलात मात्र लोर्नाला कारणे सांगता येत नव्हती. डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगून झाले होते. जूनमध्ये आमच्या वारनाम्बूलच्या एका शुश्रूषागृहात तिच्यासाठी खोली रिकामी होणार होती. आमच्या मुलीचे नाव तिच्यापासून निघून गेले होते, बहिणीचेही. चमचे कुठल्या खणात असतात, हेही. मी तेवढा अजून शिल्लक होतो. जोवर शिल्लक आहे तोवर तिच्या शेजारी गाडीत बसून असावे, एवढाच त्या प्रवासाचा हेतू. दुसरा कुठलाही हेतू मी स्वतःला सांगितला असता तर तो खोटा ठरला असता.

मॅली नावाच्या कोरड्या पट्ट्यातल्या एका मोटेलात न्याहारी करताना तिने पेन्सिल उचलली आणि नकाशावर मेरिनूकभोवती गोल काढला.

"हे," ती म्हणाली.

"इथे काय आहे?"

"आज गुरुवार ना? गुरुवारी हॉलमध्ये चहा असतो."

"तुला कोणी सांगितलं?"

"कॉलिन, प्रत्येक गोष्टीत वाद घातलाच पाहिजे का रे?"

मी घातला. तिचा जन्म टास्मानियातल्या बर्नीचा. लग्न करून ती समुद्र ओलांडून आली, आणि तेव्हापासून ती जिथे गेली तिथे मीही गेलो. मेरिनूकला आम्ही कधी गेलो नव्हतो. हे सर्व मी क्रमाने मांडले. तिने ते नीट ऐकून घेतले.

"लॅमिंग्टन घ्यावे लागतील," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं कसं जायचं?"

हे मात्र खरे होते. आमच्याकडे खेड्यातल्या चहाला कोणी रिकाम्या हाताने जात नाही. घरटी एक ताटली भरून न्यायची, सर्वांनी मिळून खायचे, भांडी विसळायची आणि आपापली ताटली ओळखून घरी आणायची. ती ओळखता यावी म्हणून तिच्या पाठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नाव लिहितात. या रीतीला एक पुरवणीही आहे, कुठे न लिहिलेली: ज्याची ताटली मागे राहिली, तो परत येणार. म्हणून यजमानीण निघताना प्रत्येकाच्या हातात त्याची ताटली आठवणीने ठेवते.

वाटेतल्या बेकरीत मी लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळलेले केकचे चौकोनी तुकडे, घेतले, आणि सहलीच्या टोपलीतली आमची निळ्या काठाची ताटली काढून ते तिच्यावर रचले. ताटलीची पाठ कोरी होती. ती मी स्वतः पुसली होती, म्हणून हे खात्रीने सांगतो.

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना कापणीनंतरचे फिकट धसकट, मध्येच एक आटलेले खारे तळे, कुंपणाच्या तारांवर गुलाबी काकाकुवे. लोर्ना अचानक म्हणाली, "आता डावीकडे." तिथे पाटी नव्हती, खडीचा रस्ता तेवढा फुटला होता. मेरिनूकची पाटी पुष्कळ पुढे आली.

गाव आमच्या नियमात बसणारे होते. कोठारे होती, बंद पडलेली बँक होती, दारूच्या गुत्त्याच्या पायरीवर एक कुत्रा निजला होता. लाकडी फळ्यांच्या सभागृहासमोर धुळीने माखलेल्या गाड्या तिरप्या लावलेल्या होत्या. आत चहाच्या पाण्याची वाफ आणि जमिनीला लावलेल्या मेणाचा वास होता. माणसांनी वळून पाहिले. कोणाला आश्चर्य वाटले नाही. फार दिवसांनी दिसलेल्या माणसाला पाहून होतो तसा आनंदही झाला नाही. गेल्या गुरुवारी येऊन गेलेल्या बाईकडे पाहावे, तसे ते लोर्नाकडे पाहत होते.

"उशीर केलास गं, लोर्ना," चहाच्या पिंपाजवळची उंच, हाडकुळी बाई म्हणाली. तिला सगळे ऊना म्हणत. "पाणी दोनदा उकळलं."

"याला विचार. नकाशा घेऊन बसला होता."

हशा पिकला. ऊनाने माझ्याकडे मोहरा वळवला. "आणि आपण?"

"मी हिचा नवरा."

"बरं," ती म्हणाली. लहान मुलाने आपण राजा असल्याचे सांगितले तर म्हणतात, तसे. "साखर किती घालू?"

लोर्नाने भिंतीकडे न बघताच खुंटीवरचा एप्रन काढला. कपांच्या कपाटाचे दार फुगलेले होते. ते आधी वर उचलून मग ओढावे लागे. परक्या माणसाने ते दोन-तीनदा नुसतेच ओढले असते. तिने पहिल्याच झटक्यात उचलले. मी मोजणी करणारा माणूस. माझे डोळे अशाच गोष्टी टिपतात, आणि ही गोष्ट त्यांनी टिपली.

"अल्फ, गुडघा काय म्हणतो?" तिने कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला विचारले.

"तो आहे तिथंच आहे बाई. मीच हलत नाही."

"हलू नकोस. हललास की काहीतरी फोडतोस."

ती टेबलामागून टेबल फिरत होती. कोणाची विहीर, कोणाची सून, कोणाच्या विकलेल्या मेंढ्या, सगळ्यांची चौकशी नावानिशी. तिचे हात कापत नव्हते. मला प्रथम आनंद झाला, हे मुद्दाम सांगतो. वर्षभरात न दिसलेली माझी बायको तिथे उभी राहून लोकांची चेष्टा करीत होती. दुसरी भावना नंतर आली. तिला मत्सर म्हणावे की भीती, हे मला ठरविता आले नाही.

मी अल्फशेजारी बसलो. "ती इथे कधीच आलेली नाही."

"असं का."

"तिचा जन्म बर्नीचा आहे."

"चांगलं गाव."

"म्हणजे तुम्ही तिला ओळखत असणं शक्यच नाही."

"वारनाम्बूलकडचे ना तुम्ही?" तो डोळे मिचकावून म्हणाला. "तिकडे म्हणे इतका पाऊस, की मेंढ्या चालायच्या आधी पोहायला शिकतात."

मी जन्मभर वाद घातले, पण दुसरी बाजू कोणी घेतलीच नाही असे कधी झाले नव्हते. भिंतीवर चेंडू मारावा आणि तो परतच येऊ नये, तसे वाटले.

निघताना ऊनाने आमची ताटली पुढे केली. तिच्यावर दोन लॅमिंग्टन उरले होते. लोर्ना दारात कोणाशी तरी बोलत होती आणि मला तिला तिथून लवकरात लवकर बाहेर काढायचे होते. तोंडातून शिष्टाचाराचे वाक्य निघून गेले. आमच्याकडे ते रोज कोणी ना कोणी बोलतो आणि मनात कोणीच धरीत नाही.

"राहू द्या इथेच. पुढच्या वेळी नेऊ."

ऊना थांबली. माझ्या खांद्यावरून तिने लोर्नाकडे पाहिले. कपांचा आवाज बंद झाला होता.

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

गाडीत लोर्ना बोलत राहिली. ऊनाच्या बहिणीविषयी, अल्फच्या वाया गेलेल्या पिकाविषयी. मी धीर करून विचारले, "आणि जनीन?"

"जनीनचं काय? पर्थला मजेत आहे. रविवारी फोन करते ना." ती हसली. "पोरीला विसरलास की काय?"

मला समोरचा रस्ता नीट दिसेना.

खारे तळे मागे पडले आणि ती थांबली. स्वतःच्या हातांकडे बघू लागली. "आपण कुठे आहोत?" मग, "माझी ताटली?" मग ती रडू लागली. ते दुखणेकऱ्याचे रडणे नव्हते. घरचे सगळे पुढे निघून गेले आणि आपण मागे राहिलो हे कळलेल्या माणसाचे ते रडणे होते. मी गाडी कडेला घेतली. तिने माझ्याकडे पाहिले, फार वेळ पाहिले, आणि खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसे माझे नाव वर आणले.

"कॉलिन."

त्या विहिरीत किती पाणी उरले आहे, ते मला त्या क्षणी कळले.

मी गाडी वळवली. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. तिथे ती पूर्ण होती, इथे नव्हती. हिशेब एवढाच होता. गुत्त्याच्या माडीवर भाड्याची खोली मिळेल, वेळ पडली तर मेरिनूकलाच राहू, असे मी ठरविले. ती मला तिथेही ओळखेल, हे मी गृहीत धरले.

पोहोचलो तेव्हा ऊन कोठारांच्या माथ्यावर सरकले होते. लोर्नाला गाडीतच बसवून मी सभागृहात गेलो. ऊना एकटीच झाडत होती. टेबलावर आमची ताटली धुऊन पालथी घातलेली होती.

ताटलीच्या पाठीवर चिकटपट्टी होती.

पट्टी पिवळी पडली होती. पुष्कळ वेळा धुतल्यामुळे तिच्या कडांचे धागे निघाले होते. शाई फिकी झाल्यावर अक्षरे पुन्हा गिरवलेली दिसत होती. 'लोर्ना', एवढेच नाव. आडनाव नाही, जिथे दुसरी लोर्ना नसते तिथे ते लागत नाही. अक्षर तिचे होते. ते अक्षर मी निम्म्याहून अधिक आयुष्य वाचत आलो आहे.

"हे कोणी लावलं?"

"तिनंच. केव्हाचं आहे ते."

"ही ताटली माझ्या घरची आहे."

"होय हो," ऊना मऊपणाने म्हणाली. "पण तुम्हीच ठेवून गेलात ना."

मी बाहेर आलो. गाडीचे दार उघडे होते.

समोरच्या घराच्या अंगणात लोर्ना झारीने जिरेनियमना पाणी घालत होती. हॉलमधला एप्रन तिच्या कमरेला होता. तो तिने केव्हा पुन्हा बांधला, मला माहीत नाही. तिच्यामागे घराचे दार सताड उघडे होते आणि आत दिवा लागला होता.

"लोर्ना. चल."

ती कुंपणापर्यंत आली. मी तिचे मनगट धरले. तिने ते सोडवून घेतले नाही. नवख्या माणसाच्या चुकीकडे पाहावे तसे माझ्या हाताकडे पाहत राहिली. तिचे डोळे स्वच्छ होते. त्या डोळ्यांत सगळे गाव होते. मी नव्हतो.

मी हात सोडला.

"रस्ता चुकलात का?" तिने विचारले. "वारनाम्बूलला जायचं ना तुम्हाला? डांबरी रस्ता लागला की उजवीकडे वळा, मग हॉर्शमवरून सरळ खाली. समुद्राचा वास आला की दगडी चर्चच्या मागची गल्ली. हिरवं फाटक आहे. कडी आतून असते, हात घालून काढा."

ते आमचे फाटक होते.

"त्या घरात एक बाई असते," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर दया होती. "बिचारी एकटीच. तिला आता फारसं आठवत नाही. घाबरते. आधी आपलं नाव सांगत जा."

तिने झारी उचलली आणि पाणी भरायला आत गेली. दार हलकेच लागले.

मी एकटाच हमरस्त्याला लागलो. तिथल्या पेट्रोल पंपावर फोनला पहिल्यांदा रेंज आली. पंपावर दुसरी गाडी नव्हती. प्रवासाला निघताना घराला मीच कुलूप लावले होते; किल्ली माझ्या खिशात होती. मी घरचा नंबर फिरविला.

थोडा वेळ घंटा वाजली. मग कोणीतरी फोन उचलला आणि काही बोलले नाही. श्वास ऐकू येत होता. पलीकडचा माणूस कोण, हे कळेपर्यंत वाट पाहणाऱ्याचा श्वास.

मी आधी माझे नाव सांगितले.