ड्रिमिनच्या आधी कोण चढलं?

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पॅकी मॅगौरन अजून जिवंत आहे, त्याला विचारा. तो शपथेवर सांगेल.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. शनिवार होता. आयर्लंडमधल्या लीट्रिम परगण्यातलं आमचं छोटंसं शेत आणि सकाळची वेळ. नुकतंच उजाडलं होतं.

मी नोरीन, फिंटनची दुसरी बायको. पहिली डेलिया. ती वारली, मग दोन वर्षांनी मी आले.

आले खरी, पण घरात जागाच नव्हती! पडदे डेलियाचे. किटली डेलियाची. पावाला हात लावला की फिंटन म्हणणार, "डेलिया थोडं जास्त भाजायची."

आणि ड्रिमिन. पाठीवर पांढरा पट्टा असलेली डेलियाची म्हातारी गाय. वासरू नाही, दूध नाही. तरी रोज संध्याकाळी फिंटन गोठ्यात जाऊन तिच्याशी तासभर गप्पा मारायचा. आत आला की माझ्याशी चार शब्द नाहीत.

हो, जळायचे मी. एका गाईवर. हसायचं तर हसा.

शेवटी हट्टच धरला. ड्रिमिन लिलावाला जायलाच हवी. फिंटननं आठवडाभर टाळलं. मग म्हणाला, "तुझ्या मनासारखं होऊ दे बाई."

त्या सकाळी आमचा ट्रेलर गोठ्याला लावला. मागची फळी खाली टाकली. फळीचं मधलं लाकूड सैल झालेलं, पाय पडला की करकरायचं. मदतीला शेजारचा पॅकी आला होता.

ड्रिमिन फळीपाशी आली आणि थांबली.

ढकललं. शेपूट पिळलं. खाण्याची बादली दाखवली.

छे! हलायचं नाव नाही.

पॅकी घाम पुसत म्हणाला, "डेलिया असती तर काठीसुद्धा लागली नसती. ती आधी वर चढायची, जिभेनं चक् चक् करायची, की ही निघालीच मागून."

"झालं का डेलियापुराण सुरू?" मी म्हणाले.

"अगं पोरी, रागावतेस काय? फिंटन, डेलिया गेली तेव्हा गुरांना कुणी सांगितलं होतं का रे?"

फिंटननं मान खाली घातली. "कुणीच नाही. मी कुठे शुद्धीवर होतो?"

आमच्याकडची जुनी रीत आहे. घरात कुणी गेलं, की घरातल्याच माणसानं गोठ्यात जाऊन गुरांना सांगायचं. नाहीतर ती वाट बघत राहतात.

"मग आता सांगा," पॅकी म्हणाला.

फिंटनचे ओठ थरथरायला लागले. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी पुढे झाले. ड्रिमिनचा कान धरला आणि चांगलं मोठ्यानं सांगितलं, "तुझी मालकीण मेली. आता हे घर माझं आहे. नवराही माझा. कळलं?"

ड्रिमिननं माझ्याकडे पाहिलंच नाही.

ती माझ्या खांद्यामागे बघत होती.

मग तिची नजर हळूहळू सरकली. माझ्या मागून... फळीकडे... ट्रेलरच्या आत.

करकर...

मधलं लाकूड वाजलं. फळीवर कुणीच नव्हतं. आम्ही तिघंही खाली उभे होतो.

आणि रिकाम्या ट्रेलरमधून आवाज आला...

चक् चक्.

ड्रिमिन शांतपणे वर चढली.

पॅकीनं टोपी काढून छातीवर क्रूसाची खूण केली. फिंटन मात्र रडत हसत होता. मीच धावत जाऊन फळी वर उचलली आणि खिट्टी घातली. मनात म्हटलं, बरं झालं! जा दोघीही.

ड्रिमिन विकली गेली. लांबच्या एका माणसानं घेतली. येताना मी गाडीत चक्क गुणगुणत होते.

घरी पोचलो तेव्हा अंधारत होतं. ट्रेलर धुवायचा म्हणून फिंटननं फळी खाली टाकली आणि तो नळी आणायला गेला. मी एकटीच अंगणात उभी होते.

ट्रेलर रिकामा होता. मी स्वतः पाहिला.

करकर...

कुणीतरी उतरलं.

चिखलात पावलं वाजली. गोठ्याकडे गेली. दारापाशी थांबली. गोठा रिकामा होता. ड्रिमिनच नव्हती.

मग पावलं वळली...

माझ्या अगदी जवळून गेली. स्वयंपाकघराचं दार उघडलं. आणि आतून लागलं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं डेलिया गाईसाठी गोठ्यात राहत होती. गोठ्यातून तिला मीच हाकललं होतं.

आता फिंटन संध्याकाळी गोठ्यात जात नाही. शेगडीजवळ खुर्चीत बसतो. मला हेच तर हवं होतं!

परवा मी भांडी घासत होते. तो पाय लांब करून बसला होता. एकदम त्यानं पाय आखडून घेतले. कुणाला तरी जायला वाट द्यावी, तसे.

"कुणासाठी रे?" मी विचारलं.

"तुझ्यासाठीच की. आत्ता इथून गेलीस ना?" तो मान वर न करताच म्हणाला, आणि हसला.

इतकं गोड तो माझ्याकडे बघून आजवर एकदाही हसलेला नाही.