दुसऱ्या मनगटावरचा हात

गोष्ट भरदुपारची आहे. ज्यांना रात्रीचंच भूत हवं असेल त्यांनी खुशाल झोपावं.

वॉर्डात फिनेलचा वास, वर करकरणारा पंखा. सिस्टर शिंपीकाकांचा बीपी बघायला आली. काकांचा पाय जखमेनं सुजलेला, जीभ मात्र कात्रीसारखी. सकाळीच त्यांनी सिस्टरच्या गणवेशाच्या शिवणीला नावं ठेवली होती. आता मात्र गप्प.

"उठवू नका हो," काकू कुजबुजल्या. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा गप्प बसलेत. जरा सुख घेऊ द्या."

सिस्टर हसली. ताप पाहिला. नव्हता. 'चला, बरंय,' म्हणून ती वळणार होती, पण हात सवयीनं काकांच्या मनगटावर गेला. नाडी बघायचं सोंग करायचं आणि गुपचूप श्वास मोजायचे, ही तिची जुनी लबाडी. कळलं की माणूस सावरून श्वास घेतो ना!

मनगट गार. छाती भात्यासारखी चाललेली.

"काका, कसं वाटतंय?"

"हळू बोल... तिचं मोजणं चुकेल."

"कुणाचं?"

"त्या सिस्टरचं. हा दुसरा हात धरलाय बघ तिनं... उलटं मोजतेय. संपत आलंय."

त्या बाजूला भिंत होती. खाट भिंतीला अशी चिकटलेली, की मधे बोट शिरू नये.

सिस्टरनं भिंतीकडे एकदा पाहिलं. पण घाबरायला सवड कुणाला? तिनं पट्टा बांधून पाहिला. बीपी घसरलेला, धाप, ही बडबड... जखमेचं विष अंगभर पसरत होतं. तिनं फोन उचलला.

"डॉक्टर, ताप नाही, पण सेप्सिस वाटतंय. लगेच या!"

डॉक्टर तोंडात घास घेऊनच धावत आले. रक्त तपासायला गेलं; ऑक्सिजन, सलाईन, अँटिबायोटिक सुरू झालं. काकू पदर चावत उभ्या.

"चार..." काका पुटपुटले. "तीन..."

सिस्टरनं मनगट घट्ट धरलं.

"दोन..."

पंखासुद्धा करकरायचा थांबल्यासारखा वाटला.

"...चुकली," काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे मिटले. श्वास मात्र चालू राहिला.

काका वाचले. जीभही परत आली. काकूंनी कपाळाला हात लावला. सिस्टरनं हसत हसत विचारलं, "काय हो काका, गेली का तुमची ती दुसरी सिस्टर?"

काकांचं हसू विरलं. ते सिस्टरच्या डाव्या हाताकडे बघत राहिले.

"बाळ... तिला म्हणावं, सोड ना आता..."

सिस्टरनं झटकन हात मागे ओढला.

हात अर्ध्यावरच अडला.