लाल खांबामागची जागा

रॉड कमानीसारखा वाकला, रीळ करकरायला लागलं आणि चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या ती मुलगी एकदम पुढे ओढली गेली. एवढा मोठा मासा तिला उभ्या जन्मात लागला नव्हता. तिने पाय दगडांत रोवले, रॉडचं टोक वर धरलं आणि मनाशी ठरवलं – हात दुखून गळून पडले तरी बेहत्तर, याला सोडायचा नाही.

मासाही मोठा इरसाल निघाला. ती ओढायची तेव्हा तोही ओढायचा. ती दम खायला थांबली की हा आपला एक हिसका देऊन बघायचा, बाई जागी आहे की झोपली! खाडीवर सकाळचं दाट धुकं होतं, त्यामुळे पलीकडचा दगडी बांध दिसत नव्हता. दिसत होती ती फक्त धुक्यात शिरलेली तिची ताणलेली दोरी.

मग वारा सुटला, धुकं सरकलं आणि समोरच्या बांधावर एक तरुण दिसला. त्याचेही पाय दगडांत रोवलेले. त्याचाही रॉड कमानीसारखा वाकलेला. घामाघूम झालेला तो जिवाच्या आकांताने काहीतरी ओढत होता…

तिने हळूच आपला रॉड खाली केला. त्याबरोबर त्याचा रॉड सरळ झाला आणि तो बदकन मागे बसला.

दोघांनीही खाडीच्या मध्यावर आपापला नकली मासा फेकला होता. लाकडाचा, रंगवलेला, पोटाखाली गळ लावलेला. ही मंडळी खरं आमिष वापरत नाहीत. निर्जीव तुकडा पाण्यात असा नाचवायचा की खऱ्या माशाला तो जिवंत वाटला पाहिजे, यातच त्यांची सगळी मिजास. ते दोन खोटे मासे पाण्याखाली एकमेकांत अडकले होते आणि दोन शहाणी माणसं कितीतरी वेळ एकमेकांना ओढत बसली होती.

त्याने आपली दोरी तोडली, खाडीला वळसा घालून तो तिच्या बांधावर आला आणि धापा टाकत तिच्यासमोर उभा राहिला.

“माझा मासा तुमच्याकडे आहे,” तो म्हणाला.

“हो ना. माझ्या माशाला गच्च धरून बसलाय.”

“काय झुंज दिलीत हो तुम्ही! मला वाटलं, निदान माझ्या कमरेएवढा तरी असेल.”

“मलाही तसंच वाटलं होतं. आणि निघालात तुम्ही.”

“म्हणजे… निराशा झाली म्हणायची.”

ती खाली मान घालून गळ सोडवत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “अजून वजन कुठे केलंय.”

तो इतका खळखळून हसला की शेजारच्या दगडावरचा बगळा वैतागून उडाला. तिला मात्र ते हसणं दिवसभर पुरलं. दुकानात एका आजोबांना तिने दूरचा चष्मा द्यायचा तो वाचायचा दिला आणि आजोबा तो लावून दारात आपटले.

या खाडीवर कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. बेकरीवाला, मास्तर, टपालवाले काका – ज्याचा जो धंदा तीच त्याची हाक. ती अर्थातच चष्मेवाली. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून लिफ्टवाला. आतापर्यंत तो समोरच्या बांधावर बसत असे. त्या दिवसानंतर समोरच्या बांधावरचे मासे त्याला अचानक आवडेनासे झाले. दर रविवारी तो तिच्यापासून दोन दगड सोडून बसू लागला. मग एक दगड. मग चहाचा थर्मास एकच आणलेला बरा, असं त्याचं मत पडलं.

एकदा तर तो भर दुपारी दुकानातच येऊन थडकला. म्हणे, दूरचं नीट दिसत नाही. तिने त्याला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, दुसरा झाकला. पठ्ठ्याने शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधडा वाचून दाखवलं.

“तुमचे डोळे उत्तम आहेत,” तिने गंभीरपणे सांगितलं.

“मग दूरचं का दिसत नाही?”

“काय दिसत नाही नेमकं?”

“रविवार.”

मालक गल्ल्यावर बसून कान टवकारून ऐकत होते, म्हणून तिने हसू दाबलं. पण तिचे कान लाल झाले आणि ते काही तिला दाबता आले नाहीत. तो गेल्यावर मालकांनी विचारलं, नंबर किती निघाला? ती म्हणाली, भारीच आहे.

आता आत्याबद्दल सांगायला हवं, कारण खरा प्रश्न तिथेच होता. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. जन्मभर शाळेत पोरांना पोहायला शिकवलं, लग्नाच्या भानगडीत पडली नाही आणि खाडीवरचा अख्खा पुरुषवर्ग तिला वचकून असे. भाचीच्या हातात पहिला रॉड तिनेच दिला होता. खाडीच्या तोंडाशी बोटींसाठी जो लाल खांब उभा आहे, त्याच्या मागे खडकांत एक अरुंद घळ आहे. ओहोटी लागली की तिथून पाणी धावतं आणि मोठे मासे आडोशाला दबा धरून राहतात. ही जागा आत्याची. मासे पकडणाऱ्यांत अशी जागा म्हणजे घरातली गोष्ट. जिवलग मित्रालाही कुणी तिचा पत्ता लागू देत नाही. आत्याने तर सख्ख्या भावालाही सांगितली नव्हती, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. पुढे गुडघे दगा देऊ लागले, तेव्हा तिने भाचीला बोट धरून तिथे नेलं होतं आणि बजावलं होतं, “हे माझं सगळं आयुष्य आहे असं समज.”

आणि ती जागा चष्मेवालीने लिफ्टवाल्याला दाखवली.

कुणी गळ घातली नव्हती, शपथ घातली नव्हती. एका पहाटे ती त्याला नुसतं “चला” म्हणाली आणि खडकांवरून उड्या मारत पुढे निघाली. जवळ पोचेपर्यंत तो बडबडत होता. घळ दिसली आणि बडबड अर्ध्यावर टाकून त्याने डोक्यावरची टोपी काढली. मासे धरणाऱ्याला असली जागा कुणी उगाच दाखवत नाही, हे त्यालाही कळत होतं. पायाखाली पाणी घुसळत होतं, तोंडावर खारे तुषार उडत होते आणि दोघांनाही एकमेकांकडे बघायची चोरी झाली होती.

तिने नकली मासा घळीच्या तोंडाशी टाकला. एक झटका, थोडी उसंत… परत झटका. आणि मग पाणी फुटलं. चांदीच्या परातीएवढं काहीतरी लखकन हवेत वळलं आणि दोरी सूं सूं करत पळायला लागली.

“जाळी… जाळी घे!” ती ओरडली. अहो-जाहो केव्हाच वाहून गेलं होतं.

“खडकाकडे जाऊ देऊ नकोस. डावीकडे घे… डावीकडे!”

“ओढतोय रे मला तो!”

त्याने एका हाताने हातजाळी धरली आणि दुसऱ्या हाताने तिच्या कमरेचा पट्टा. कंबरभर पाण्यात दोघं ठेचकाळत, हसत, एकमेकांना नाही नाही ते हुकूम सोडत होती. शेवटी मासा जाळीत आला तेव्हा ती हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. दोन्ही हातांत मावेना असला मासा! त्याने घाईघाईने मोबाईल काढून एक फोटो घेतला आणि तिने लगेच माशाला पाण्यात सोडून दिलं. शेपटीचा एक फटकारा देऊन तो गेला. ती लिफ्टवाल्याकडे वळली. तो अजून मोबाईल धरूनच उभा होता, खुळ्यासारखा.

फोटो पाठव म्हटलं, तर पाठवतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आठवण केली, तर नीट आला नाही म्हणाला. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या रविवारी तो कामावर अडकला होता, म्हणून ती एकटीच गेली. घळीपाशी बघते तर सात-आठ जण दाटीवाटीने उभे! बेकरीवाला तर खुर्ची घेऊन आला होता. तो मोठ्या आनंदाने म्हणाला, अगं, तुझा फोटो आमच्या मासेवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय ना, मागे लाल खांब दिसला, म्हटलं हीच ती जागा. मासे धरणाऱ्यांचा पहिला धडाच असतो, की फोटोत मागे नुसतं पाणी हवं. खांब, कडा, झाड काही येता कामा नये. आणि हे त्या लिफ्टवाल्याला माहीत नव्हतं असं कसं म्हणणार?

ती रॉड न उघडताच माघारी वळली. तिने जागा दिली नव्हती. तिने विश्वास टाकला होता, तोही आत्याच्या जिवावर.

घरी जाऊन तिने आत्याला सगळं सांगून टाकलं. आत्या बराच वेळ गुडघे चोळत बसली. तिचे डोळे भरून आले होते, आणि आत्याला रडताना पाहायची घरात कुणाला सवय नव्हती. मग तिने नाक पुसलं आणि विचारलं, “त्याला विचारलंस का, असं का केलं म्हणून?”

“विचारायचं काय त्यात?”

“जागा तर गेलीच. माणूस तरी न विचारता घालवू नकोस.”

तो एका सात मजली इमारतीत काम करतोय असं कळलं. ती तिथे पोचली तेव्हा लिफ्ट तळमजल्यावर दार उघडून उभी होती आणि आत चिटपाखरू नव्हतं. ती आत शिरली. डोक्यावर खडखड झाली, छताची झडप उघडली आणि तिच्यातून त्याचा चेहरा उलटा लोंबकळला, नाकाला वंगण लागलेलं.

“तू!” त्याचा चेहरा असा काही उजळला की तिचा राग क्षणभर डळमळला.

“आत्याची जागा तू ग्रुपवर टाकलीस.”

उलटा चेहरा फिका पडला. तो भडाभडा बोलू लागला. ग्रुपवर फोटो त्याने टाकलेला नव्हता. त्याने तो फोटो एकट्या ताईला पाठवला होता. पण ताईचा नवरा, म्हणजे दाजी, हाडाचे मासे धरणारे. त्यांनी तिच्या मोबाईलमध्ये तो पाहिला, मागचा खांब ओळखला आणि परस्पर ग्रुपवर टाकला. आज सकाळीच त्याला हे समजलं होतं. संध्याकाळी तो आत्याच्या पाया पडायला येणारच होता, तिने काठीने झोडपलं तरी.

“ताईला माशाचा फोटो कशाला?” तिने विचारलं. “ती मासे धरते?”

“छे. तिला तर पाण्याचीही भीती वाटते.”

“मग?”

उलटा चेहरा झडपेतून वर गेला. मग झडपेतून एक हात खाली आला. हातात मोबाईल होता.

“खांब दिसतोय हे माझ्या ध्यानातच आलं नाही,” तो हळू म्हणाला. “माझीच चूक आहे. काय बोलायचं ते बोल. पण आधी फोटो बघ… म्हणून तर तुला पाठवायची हिंमत होत नव्हती.”

तिने पाहिलं. मागे लाल खांब स्वच्छ दिसत होता. पुढे ती होती. भिजलेले केस गालाला चिकटलेले, तोंडभर हसू, डोळ्यांत पाणी. फोटोभर तीच ती. आपण अशा दिसतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

“मासा कुठाय?”

“आहे की. खाली… कोपऱ्यात.”

खालच्या कोपऱ्यात माशाचं थोडंसं तोंड आणि एक डोळा होता. बाकी सगळा मासा फोटोच्या बाहेर.

“माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा,” ती सावकाश म्हणाली, “आणि तू तो कापलास.”

“मला दिसलाच नाही तो.”

फोटोखाली त्याने ताईला दोनच शब्द लिहिले होते. हीच ती.

तिने ते परत वाचलं, आणखी एकदा वाचलं. आत्याची जागा गेली होती, ती काही परत येणार नव्हती आणि त्याचं दुःख तिच्या छातीत तसंच होतं. पण त्या दुःखाच्या शेजारीच दुसरं काहीतरी असं उसळत होतं, की आता लिफ्ट आपोआप वर जाईल असं तिला वाटलं.

“खाली उतर,” ती म्हणाली.

“वायर तपासायची राहिलीय. अजून…”

“वायर राहू दे. मला तुला काहीतरी सांगायचंय, आणि उलट्या माणसाला मी ते सांगणार नाही.”

तो धपकन आत उतरला. एवढ्याशा जागेत दोघं समोरासमोर उभी राहिली. मग तिने ओढणीच्या टोकाने त्याच्या नाकावरचं वंगण पुसलं. ओढणी फुकट गेली, वंगण जास्तच पसरलं.

“माझं तुझ्यावर प्रेम आहे,” ती म्हणाली. “आणि राग पण आहे. दोन्ही आहे.”

“किती?”

“राग संध्याकाळी आत्या ठरवेल.”

“आणि प्रेम?”

तिने त्याच्या छातीवर कपाळ टेकलं. त्याचे हात वंगणाने बरबटलेले, म्हणून त्याने ते हवेतच धरले आणि नुसत्या कोपरांनी तिला जवळ घेतलं. वर कुणीतरी लिफ्टचं बटण दाबत होतं. दाबून दाबून कंटाळलं आणि मग बडबडत जिन्याने उतरू लागलं.